चिऱ्याच्या घरात प्रोजेक्टरचा पडदा: कुठल्या भिंतीवर आणि कसा

गोव्यातल्या डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारले आहे: "जुन्या घराच्या मागच्या खोलीत होम थिएटर करतोय. खोली पूर्व-पश्चिम १५ फूट, रुंदी ११ फूट. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर मागाहून घातलेला स्लॅब, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेची बाहेरची भिंत पूर्ण मोकळी आहे, तिथे १२० इंची मोटरचा पडदा लावायचा विचार आहे. मोटरचा अशासाठी की चवथीला त्याच भिंतीशी आमचा गणपती बसतो, तेव्हा पडदा वर गुंडाळता यावा. पूर्वेच्या आतल्या भिंतीत एका कोपऱ्याला दार आहे. सोफा पडद्यापासून ११ फुटांवर येईल. प्रोजेक्टर घेऊन झाला आहे. सुताराने भोक पाडून प्लग ठोकला तर तो लाल भुकटीसकट हातात आला. चिऱ्यात टिकेल असा फास्टनर कुठला?"

फास्टनरचे उत्तर देतो, पण ते थोडे खाली येईल. कारण उद्या तुम्ही जगातला उत्तम फास्टनर आणून तो पडदा त्या भिंतीवर घट्ट बसवलात, तरी दुसऱ्या पावसाळ्यात तुम्हाला तो उतरवावा लागेल अशी मला भीती आहे. आधी भिंत ठरते, भिंतीवरून आकार, आकारावरून पडद्याचा प्रकार, आणि स्क्रू सगळ्यांत शेवटी. तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. यात तुमचा दोष नाही, दुकानात गेलात की पहिला प्रश्न "किती इंची?" हाच असतो.

मी तुमची खोली पाहिलेली नाही. तुमच्या घराची पावळी (छपराची कड) किती बाहेर आहे, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, पश्चिमेला झाडांचा आडोसा आहे का, यावर काही गोष्टी बदलतील. तरी गोव्यात अठरा वर्षे हेच काम करताना जे पाहिले त्यावरून सांगतो.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत हा सगळा मार अंगावर घेते. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. आपले आजे-पणजे पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची, म्हणजे माडाच्या पानांची, झापे बांधत, ते उगाच नव्हे. आता झापे गेली, बाहेरून रंगाचे दोन हात आले, पण आतला चिरा तोच आहे.

२०११ सालच्या मे महिन्यात मी बार्देशात एका घरी अशाच पश्चिमेच्या भिंतीवर पडदा बसवला. भिंत कोरडी ठणठणीत होती, रंग नवा होता. पडदा चौकटीचा, भिंतीला अगदी चिकटून. दिसायला सुरेख. जुलैच्या शेवटी मालकांचा फोन आला की चित्रात डावीकडे खाली डाग दिसतो. जाऊन पडदा उतरवला. मागे रंगाला फोड आले होते, बोट लावले की पापुद्रा निघत होता, आणि पडद्याच्या पाठीवर हाताच्या पंजाएवढी काळी बुरशी. ती कापडातून पुढे उमटली होती. पडदा मी स्वखर्चाने बदलून दिला, पण त्या माणसाने हौसेने केलेल्या खोलीचा पहिला पावसाळा वाया गेला तो गेलाच. तेव्हापासून मी बाहेरच्या पश्चिम भिंतीवर पडदा लावत नाही. फारच नाइलाज असेल तर भिंतीपासून दोन इंच सोडून, स्लॅबला टांगून लावतो.

तुम्ही स्वतः एक साधी चाचणी करा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा दीड फुटी चौकोन घ्या आणि चारही कडा टेपने पक्क्या बंद करून भिंतीवर चिकटवा. एक पश्चिमेच्या भिंतीवर, एक पूर्वेच्या. दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरलेले असेल तर ओल भिंतीतून येते आहे. उन्हाळ्यात ही चाचणी खोटा दिलासा देऊ शकते, खरी परीक्षा जुलैत. म्हणून उन्हाळ्यात भिंतीच्या पायाशीही वाकून बघा. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा (खार), फुगलेला गिलावा, किंवा हात फिरवल्यावर वाळू झडणे, ही सगळी मागच्या पावसाची खूण असते.

आता पूर्वेच्या भिंतीकडे वळू. ती आतली भिंत, दोन्ही बाजूंनी घर. पाऊस तिला शिवत नाही. शिवाय गणपती पश्चिमेला बसतो. म्हणजे पडदा पूर्वेला गेला तर गणपतीची जागा, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) हूक, सगळे आहे तसेच राहते आणि चवथीला सोफा हलवला की काम झाले. ज्या कारणासाठी तुम्हाला मोटर हवी होती ते कारणच उरत नाही.

अडचण दाराची आहे, ती लपवत नाही. ११ फूट म्हणजे १३२ इंच. दार आणि त्याची चौकट मिळून ४२ इंच धरू, तुम्ही मोजून घ्या. उरले ९०. पडद्याचे इंच कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपे मोजतात, म्हणून १०० इंची पडद्याचे चित्र ८७ इंच रुंद असते, त्यावर दोन्हीकडे तीन-तीन इंचांची काळी चौकट धरली की ९३ होतात. तीन इंचांनी बसत नाही. ९२ इंचीचे चित्र ८० इंच रुंद, ४५ उंच, चौकटीसह ८६. तो बसतो.

१२० वरून ९२ म्हटल्यावर मन खट्टू होणार, हे मला ठाऊक आहे. पण ११ फुटांवरून बघायचे आहे हे लक्षात घ्या. सिनेमासाठी चित्राची रुंदी डोळ्यांच्या ३० ते ४० अंशांत मावावी असा सर्वसाधारण दंडक आहे. ११ फुटांवरून ९२ इंची पडदा जवळपास ३४ अंश भरतो, १०० इंची ३६ च्या पुढे जातो, आणि १२० इंची ४३ वर पोचतो. काहींना ४३ आवडतात, पहिल्या रांगेत बसणारी माणसे असतातच. पण घरात चार जणांसाठी खोली करताना मी मधला आकडा धरतो. दुसरे, १०० वरून १२० वर गेलात की क्षेत्रफळ ४४ टक्के वाढते, आणि प्रोजेक्टरचा उजेड तेवढाच राहतो. तोच प्रोजेक्टर ९२ इंचीवर जे काळे-पांढरे देतो ते १२० वर देणार नाही.

पूर्वेच्या भिंतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागेल. एक, पडदा खोलीच्या मध्यापासून पावणेदोन फूट बाजूला जाईल, म्हणून सोफाही तेवढाच सरकवावा लागेल. चित्र आणि सोफा एका रेषेत असले की खोलीचा मध्य कुठे आहे हे अंधारात कोणाला कळत नाही. दोन, डावा-उजवा स्पीकर पडद्याच्या बाजूंना मावणार नाही. तो पडद्याखाली बुटक्या स्टँडवर, तोंड किंचित वर करून ठेवावा लागेल. आवाजाचे शौकीन असाल तर हे खटकेल, आणि ते खटकणे रास्त आहे. तसे असेल तर मोटरचा १०० इंची पडदा स्लॅबला टांगून, दाराच्या थोडा समोर येईल असा सोडता येतो. सिनेमा चालू असताना दार अर्धवट झाकले जाईल एवढेच. स्पीकर मात्र मग उचलून बाजूला ठेवता येतील असेच हवेत.

मोटरचा घ्यायचा ठरला तर एक गोष्ट पक्की करा: दोन्ही कडांना दोरीचा ताण असलेला. साधा मोटरचा पडदा नवा असताना सपाट असतो, पण वर्षभरात त्याच्या कडा आत वळतात आणि मध्ये उभ्या लाटा येतात. स्थिर चित्रात त्या दिसत नाहीत. क्रिकेट बघताना कॅमेरा मैदानावरून आडवा फिरला की सीमारेषा नागमोडी होते, आणि एकदा दिसली की मग रोज तीच दिसते. ताणाचा पडदा बराच महाग पडतो, पण बिनताणाचा घेण्यापेक्षा स्वच्छ पांढरी भिंत बरी. दुसरी गोष्ट उंचीची. पेटी स्लॅबला चिकटवली, सहा इंच तिची, पुढे एक फूट काळे कापड, की चित्राची वरची कड ९६ इंचांवर येते. तिथून १०० इंचीचे ४९ इंच खाली मोजा, खालची कड ४७ वर. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे साधारण ४० इंचांवर असतात. म्हणजे संपूर्ण चित्रच डोळ्यांच्या वर, आणि अडीच तास मान उचललेली. म्हणून काळे कापड जास्त लांब मागवायचे किंवा पेटी रॉडवर खाली सोडायची, हे ऑर्डर देतानाच ठरवावे लागते. आणि खालची मर्यादा मोटरच्या स्क्रूने वाढवत नेऊन उंची जुळवायचा मोह कोणी घातला तर ऐकू नका. नळीवर कापडाचे वेढे शिल्लक राहिले नाहीत तर पडदा नळीवरून सुटून येतो.

तुमच्या जागी मी चौकटीचा ९२ इंचीच लावेन. कापड सदैव ताणलेले, हलणारा भाग नाही, आणि पावसाळ्यात गुंडाळलेल्या कापडाच्या पोटात दमट हवा अडकण्याचा प्रश्नच नाही. खालची कड जमिनीपासून २७ इंचांवर घ्या, वरची ७२ वर येईल. डोळे चित्राच्या खालच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतात, तीच आरामाची जागा.

कापड मॅट पांढरे, गेन १.० चे, म्हणजे उजेड न वाढवता न घटवता परत देणारे. खोली अंधारी करता येत असेल तर याहून जास्त काही लागत नाही. बाहेरचा उजेड परतवणारे खास पडदे दुकानदार आग्रहाने दाखवतील, पण त्यातले काही फक्त भिंतीपाशी ठेवायच्या प्रोजेक्टरसाठी बनवलेले असतात. ते वरून येणारा उजेड गिळतात. तुमचा प्रोजेक्टर छताला टांगलेला असेल तर ते तुमचे चित्रच गिळतील. त्या पैशांत खोलीला खिडकी असेल तर तिला जाड पडदा घ्या आणि पडद्याच्या पुढचा पाच-सहा फूट स्लॅब गडद मॅट रंगाने रंगवा. पांढऱ्या छतावरून उजेड परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. या रंगकामाने जो फरक पडतो तो पाहून गिऱ्हाईक दरवेळी चकित होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्लग का निघाला? चिरा म्हणजे काँक्रीट नव्हे. प्लग आणि अँकर फास्टनर फुगून बाजूच्या दगडाला दाबतात आणि त्या दाबावर टिकतात. चिऱ्यात पोकळ्या असतात, दाबला की तो चुरतो. त्यात सुताराने ड्रिल हॅमरवर चालवले असणार, म्हणजे भोक पडता पडताच बाजूचा चिरा सैल झाला. शिवाय जुन्या घरांत चिऱ्यांमधले सांधे बऱ्याचदा मातीचे असतात. तिथे भोक गेले तर काहीच धरणार नाही.

मी असे करतो. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत जातो. बद्द आवाज आला तर गिलावा चिऱ्याला धरून आहे, पोकळ आला तर तो सुटलेला आहे आणि तेवढा पाडून पुन्हा करायला हवा. मग ४ मिलिमीटरच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, बारीक चाचणी-भोक पाडतो आणि खाली कागद धरतो. आधी गिलाव्याची पांढरट पूड येते, मग लाल. कुंकवासारखी कोरडी लाल पूड सलग येत राहिली तर तो चिरा, आणि चांगला चिरा. मळकट माती आली आणि बिट एकदम आत घुसला तर सांधा. चार-सहा इंच बाजूला सरकायचे. पूड खाली न पडता बिटच्या खाचांत चिखलासारखी चिकटून आली, तर मी ड्रिल खाली ठेवतो. त्या भिंतीत ओल आहे, आणि त्या दिवशी तिथे काम होत नाही.

जागा सापडली की हॅमर न लावता १२ मिलिमीटरचे भोक, खोली १०० मिलिमीटर. नायलॉनच्या ब्रशने घासायचे आणि सायकलच्या पंपाने हवा मारायची, असे तीनदा, आतून धूळ येणे थांबेपर्यंत. मग प्लास्टिकच्या जाळीची नळी, म्हणजे स्लीव्ह, आत सरकवायची. केमिकल अँकरची गन घेऊन पहिले दोन-तीन दाब कागदावर टाकून द्यायचे, दोन रंग मिसळून एकच रंग आला की नळीच्या तळापासून भरत बाहेर यायचे. त्यात ८ मिलिमीटरचा स्टेनलेस आट्यांचा रॉड हळूहळू फिरवत आत घालायचा. रसायन जाळीतून बाहेर पडून चिऱ्याच्या पोकळ्यांत शिरते आणि तिथे मुरून दगड होते. ते दाबावर नाही, मिठीवर टिकते. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. धूळ राहिली तर मात्र रसायन चिऱ्याला न धरता धुळीला धरते, म्हणून तो सायकलचा पंप माझ्या पिशवीत कायम असतो.

असे चार रॉड, पण पडद्याचे ब्रॅकेट थेट त्यांवर लावायचे नाहीत. आधी सहा फूट लांबीचा ५० बाय २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप त्या चार रॉडवर आडवा घट्ट करायचा आणि पडदा त्या पाइपला टांगायचा. चौकटीचा पडदा दहा-बारा किलोचा, वजनाची भीती नाही. पाइपचा फायदा हा की भोके चिऱ्याला विचारून पाडता येतात, पडद्याला विचारून नव्हे. चांगला चिरा जिथे मिळेल तिथे रॉड, आणि ब्रॅकेट पाइपवर हवे तिथे. पडद्यामागे इंचभर हवाही खेळते. सागवानी पट्टी लावली तरी चालते, पण आपल्याकडची वाळवी पाहता मी लाकूड सोडून दिले आहे.

पाइप बसवण्याआधी प्रोजेक्टर टांगून घ्या. तो स्लॅबला असल्यामुळे तिथे साधा अँकर फास्टनर चालतो. तुमच्या प्रोजेक्टरच्या कागदपत्रांत थ्रो रेशो, म्हणजे लेन्सपासून पडद्याचे अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असेल. १.२ ते १.५ असेल तर ८० इंच रुंदीच्या चित्रासाठी लेन्स भिंतीपासून ८ ते १० फुटांवर हवी. चित्र उघड्या भिंतीवर टाका, चारही कोपरे पेन्सिलने खुणावून घ्या. कीस्टोनने, म्हणजे तिरके चित्र सरळ करणाऱ्या प्रोजेक्टरमधल्या सोयीने, चित्र चौकोनी करत बसू नका, त्यात बारकावा जातो, मशीन सरळ करा. आणि लेव्हल पाण्याच्या नळीने काढा. जुन्या घरात जमीन एकीकडे, स्लॅब दुसरीकडे उतरलेला असतो, त्यांच्यावरून मोजलेत तर फसाल. ८० इंचांत पाव इंचाचा फरकही सोफ्यावरून दिसतो.

कापड चढवताना जमिनीवर धुतलेली चादर अंथरा, हात साबणाने धुवा, अंगठ्या काढा. कापड काही तास मोकळे पसरून ठेवा, मग स्प्रिंग किंवा हूक लावायला सुरुवात करा. वरच्या कडेच्या मध्यावर एक, लगेच खालच्या मध्यावर एक, मग डावीकडे, उजवीकडे, असे समोरासमोर करत कोपऱ्यांकडे जायचे. एका कडेने सुरू करून ओढत गेलात तर शेवटच्या कोपऱ्यात सुरकुती राहते आणि ती जात नाही.

पावसाळ्यात खोलीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ६० च्या वर सलग राहू लागला की एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर रोज दोन-तीन तास चालवा. विजांचा काळ, म्हणजे मे-जूनची सुरुवात आणि पुन्हा ऑक्टोबर, तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. प्रोजेक्टरचा प्लग आणि एचडीएमआयची वायर दोन्ही काढा. चवथीच्या दिवसांत समई, धूप, कापूर चालणारच, चालायलाच हवे. तेवढे दिवस पडद्यावर स्वच्छ सुती चादर आणि प्रोजेक्टरवर त्याचे कव्हर घाला. धुपाची काजळी लेन्सवर बसली तर ती पुसता येते, आत शिरली तर मशीन उघडावे लागते.

सध्या काही विकत आणू नका. दोन्ही भिंतींवर फॉइल लावा, पूर्वेच्या भिंतीवर ८० बाय ४५ इंचांचा चौकोन टेपने आखा आणि सोफा समोर सरकवून घरच्यांसोबत चार संध्याकाळी त्याच उघड्या भिंतीवर सिनेमा बघा. मग दाराची नेमकी रुंदी, प्रोजेक्टरचा थ्रो रेशो आणि फॉइलखाली काय दिसले ते कळवा. पूर्वेच्या भिंतीलाही दव धरले असेल तर पाइप भिंतीला न लावता स्लॅबपासून खाली उभा कसा घ्यायचा, ते मी मापांसकट लिहून देईन.